सतराव्या नंबरचं विरजण

बल्गेरियातल्या प्लोव्हदिवच्या विद्यापीठात, औद्योगिक सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागात, मी तेवीस वर्षं दह्याचे जिवाणू वाढवले. एलित्सानंही तेवीसच. आम्ही एकाच वर्षी नोकरीला लागलो आणि एकाच लांब टेबलाच्या दोन टोकांना बसलो. दूध तेच, भांडी तीच, तापमानही तेच, त्रेचाळीस अंश. तरी माझं दही आठ तासांनी कसंबसं लागायचं, आणि तिचं चार तासांत सुरीनं कापावं असं.

"नेदा, तू रागावतेस की काय त्या जिवाणूंना?" ती हसत विचारायची. "जरा लाडानं घे की!"

मीही हसायचे. मग बस येईपर्यंत ते वाक्य दाताखाली खडा यावा तसं चावत राहायचे.

विभागप्रमुख हारालांपी सर निवृत्त होणार होते. प्राध्यापकाची जागा एक, अर्ज आम्हा दोघींचे. एलित्सानं रोडोपीच्या डोंगरातून, एका मेंढपाळ बाईच्या घरून दह्याच्या जिवाणूंचा एक वाण आणला होता. नोंदवहीत त्याचा नंबर सतरा. गुरुवारी समितीपुढे ती त्याचं दही लावून दाखवणार होती. सोमवारी सरांनी एक चमचा चाखला, डोळे मिटले आणि म्हणाले, "पोरी, आता मी निवांत घरी बसतो."

मला त्यांनी तेवीस वर्षांत कधी 'पोरी' म्हटलं नव्हतं.

मंगळवारी दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी तिचा फ्रिज उघडला. बारा नळ्या, सहा कुप्या. दुसरीकडे कुठे तिनं हा वाण ठेवलेला नाही, हे तिनंच मला सांगितलं होतं. सगळ्या मी ऑटोक्लेव्हमध्ये घातल्या. एकशे एकवीस अंशांची वाफ, वीस मिनिटं. त्यातून काहीही जगत नाही. गार झाल्यावर पुसून जागच्या जागी ठेवल्या.

बुधवारी एलित्सानं तीनदा दूध विरजलं. तिन्ही वेळा ते दूधच राहिलं. संध्याकाळी ती टेबलाच्या माझ्या टोकाशी आली.

"माझ्या फ्रिजला कुणी हात लावला होता का गं?"

"मला काय माहीत?"

तिनं माझ्या चेहऱ्याकडे नाही, हातांकडे पाहिलं. बराच वेळ.

"बरं," ती म्हणाली.

समितीपुढे ती आलीच नाही. महिन्याभरात राजीनामा देऊन गावी गेली. जागा मला मिळाली.

ऑक्टोबरात एकदा, नुसत्या तुलनेसाठी ठेवलेल्या, विरजण न घातलेल्या दुधाचं चार तासांत दही लागलं. असं होतं कधीकधी; कुणाचा तरी हलगर्जीपणा असतो. मी भांडी पुन्हा निर्जंतुक केली, दुधाची खेप बदलली, हवेची गाळणी बदलली. पुन्हा चार तास. दही घट्ट, वर पाण्याचा टिपूस नाही, आणि ओल्या अक्रोडाच्या सालीसारखा वास. राजधानीत, सोफियातल्या प्रयोगशाळेला नमुना पाठवला. एलित्सानं सतराव्या वाणाची जी जनुकीय नोंद करून ठेवली होती, तिच्याशी तो तंतोतंत जुळला.

मी रजेवर असले की ते दूध दूधच राहायचं. हे मी वहीत लिहिलं, आणि मग ते पान फाडलं.

मग मी तो वाण माझ्या नावानं प्रसिद्ध केला. हारालांपी सरांचा फोन आला. "शाब्बास, नेदा! एलित्साचं दही परत आणलंस!"

मी फोन ठेवला. मी मारलेल्या, मीच पुन्हा वाढवलेल्या जिवाणूंवरही तिचंच नाव होतं.

नाताळापर्यंत दुधाचं दही दोन तासांत लागू लागलं. फेब्रुवारीत चाळीस मिनिटांत. कॅन्टीनमध्ये माझ्या शेजारी बसलेल्याच्या कपात गुठळ्या झाल्या. घरी नवरा दूध शेजारणीच्या फ्रिजमध्ये ठेवू लागला.

मार्चमध्ये मी एलित्साच्या गावी गेले. अंगणात ती धार काढून शेळी सोडत होती. माझ्याकडे बघून तिनं दुधाची बादली हळूच आत नेऊन ठेवली आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

"माझ्या घरात दही लागतच नाही आता," ती म्हणाली. "दूध आठ दिवस ठेवलं तरी नासतसुद्धा नाही. दही दुकानातून आणते. गाव हसतं मला."

"एलित्सा, परत घे ते."

"मी कुठं दिलंय?" तिनं शांतपणे विचारलं. "तू घेतलंस, नेदा."

एप्रिलात माझी मुलगी बिल्याना बुरगासला बाळंत झाली. पहिलाच मुलगा. सहा आठवडे मी खोकल्याचं, परीक्षांचं, कसलं ना कसलं निमित्त सांगत राहिले. शेवटी ती फोनवर रडली. "आई, सासूबाई दोनदा येऊन गेल्या. तुलाच बघावंसं वाटत नाही का याला?"

सासूबाई दोनदा!

मी गेले.

खिडकी उघडी होती. मी रबरी हातमोजे घातले होते. बिल्यानाला वाटलं, मी जंतूंना भिते. ती हसली.

"मी लांबच बसते," मी म्हणाले.

"वेडी आहेस. इथे बस."

मी बसले.

बाळ पीत होतं. मग थांबलं. बिल्यानानं त्याला दुसऱ्या बाजूला घेतलं. ते तिथेही थांबलं.

"आई," ती छाती चाचपत म्हणाली, "इथे एकदम घट्ट झालंय. आणि गार."

मी उठले. दारापर्यंत गेले. बाळानं मान फिरवली आणि त्याच्या ओठांवरून एक पांढरा, गुळगुळीत तुकडा घरंगळला.

बाळाच्या पोटात दूध फुटतं, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. हे अजून पोटात गेलं नव्हतं.