पंपावर थांबलेली शटल

ते साल २०२२. नोव्हेंबर सरत आला होता, सीताबर्डीवर संत्र्यांचे ढीग लागले होते आणि करोनात दोन वर्षं घरात कोंडलेली माणसं मिळेल त्या वाहनानं बाहेर पडत होती. नागपूरकर तर थेट समुद्रावर निघाले होते. विमानानं मुंबई, विमानतळावरून शेअर शटलनं बंदर, पुढं चार दिवस जहाजावर आणि तशीच परत. ज्यांच्या आईबापांनी अंबाझरीच्या तलावापेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं, ती माणसं एकमेकांना विचारत, “तुमची केबिन कितव्या मजल्यावर होती?”

उत्तरा गजभिये यांचं ‘खासगी चौकशी’ अशी पाटी लावलेलं ऑफिस सीताबर्डीत एका अरुंद जिन्याच्या वर होतं. खाली तेव्हा शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात. उत्तराताईंची बहुतेक कामं लग्नाआधीच्या चौकशीची. मदतीला गणपतराव भोयर, निवृत्त भूगोल मास्तर. त्यांच्याजवळ एक स्कूटर होती, एक वही होती आणि समोरच्याचं बोलणं खरं मानायची जुनी सवय होती.

त्या शुक्रवारी सकाळी जिना चढून आली ती तुळसाबाई. कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये ती पोळ्या लाटायची.

“बाई, माह्या पोराले चोर म्हणून राहिले,” ती खुर्चीवर न बसताच म्हणाली.

“आधी बसा. कोण म्हणतं?”

“नागपूरचेच लोक हायत. खापेकर. मनीषनगरात राहतात. माहा दुर्गेश मुंबईले शटल चालवते. बंदरावरून माणसं घेते, विमानतळावर सोडते. मागच्या रविवारी हे लोक त्याच्या गाडीत होते. घरी येऊन पेटी उघडली, त म्हातारीच्या गळ्यातली सोन्याची एकदाणी नाही. बस, ड्रायव्हरनं घेतली!”

“पोलिसात गेले?”

“सोमवारी चालले. मुंबईले जाऊन तक्रार लिहून देतो म्हणते त्यायचा पोरगा. कंपनीनं त दुर्गेशले आत्ताच घरी बसवलं. एकदा नाव लिहिलं का विमानतळाचा पास गेला, बाई. मंग कोण ठेवते त्याले?”

“दुर्गेशनं घेतली नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे?”

“मले कसं मालूम? मी काय गाडीत होती? त्यानं घेतली असंन त तसं सांगा. पण पाहून सांगा.”

ती गेल्यावर उत्तराताई म्हणाल्या, “गणपतराव, स्कूटर काढा. पंचवीस वर्षांत असं बोलणारी आई पहिल्यांदा आली.”

सहल काढणाऱ्या कंपनीचं ऑफिस धरमपेठेत होतं. खापेकरांसोबत जहाजावर गेलेला अंकित हा पोरगेलासा सहल-सोबती चहाचा कप फिरवत बोलत होता.

“गाडीत कोण कोण होतं, ते सांग,” उत्तराताई म्हणाल्या.

“मी होतो. प्रेमिलाकाकू खापेकर, त्यांचा मुलगा सौरव, सून रितिका आणि मुलगी अश्लेषा. आणि एक वयस्कर गुजराती जोडपं. काकूंच्या सत्तरीसाठीच ही सहल होती. अश्लेषाताई आणि ते जोडपं आधी, टर्मिनल एकला उतरले. ताई बंगळूरला राहतात. आम्ही बाकीचे पुढं, टर्मिनल दोनला.”

“सामान?”

“त्याचं एक सोंगच असतं, मॅडम. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत मोठ्या बॅगा केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या. जहाजाचे लोक घेऊन जातात. रात्रीपुरतं लागेल तेवढं हातातल्या पिशवीत ठेवायचं. पण दर सहलीत कोणी तरी पायजमा बॅगेत घालून बसतो आणि मग माझं दार वाजवतो. या वेळी सौरवसर!”

गणपतराव हसले. त्यांनी वहीत ‘पायजमा’ असं लिहिलं आणि खोडलं.

“सकाळी बंदराच्या हॉलमधून बॅगा मी आणि हमालानं थेट गाडीत चढवल्या. काकूंना गुडघ्यांमुळं व्हीलचेअरवरून सरळ गाडीच्या दाराशी आणलं. जो शेवटी उतरणार त्याची बॅग आधी. म्हणून खापेकरांच्या तळाशी.”

“वाटेत गाडी थांबली?”

“सीएनजी पंपावर. तिथं सगळ्यांना खाली उतरावंच लागतं, नियम आहे. वीस मिनिटं उन्हात. मीच दुर्गेशला म्हटलं, डिकीतून पाण्याच्या बाटल्या काढ. त्यानं काढल्या, डिकी लावली. बस.”

खापेकरांचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर होता. सौरव दारातच म्हणाला, “त्या ड्रायव्हरच्या घरच्यांनी पाठवलंय ना तुम्हाला? मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आम्ही सगळे लांब उभे आणि ड्रायव्हर एकटा उघड्या डिकीपाशी.”

“तुमची सुटकेस दिसत होती?”

“कशी दिसणार? वर त्या गुजराती लोकांच्या चार बॅगा होत्या.”

“मग चार बॅगा बाहेर काढून, खालची उघडून, पुन्हा लावून... आणि कुलूप मोडलेलं नाही म्हणता.”

“हे लोक हातचलाख असतात.”

“हे लोक म्हणजे?”

सौरव थबकला. “ड्रायव्हर लोक.”

“आणि नागपूरला?”

“विमानतळाच्या पट्ट्यावरून सुटकेस मी उतरवली. घरी आल्यावर आईनं स्वतःच्या किल्लीनं उघडली, तेव्हा आम्ही सगळे समोर होतो. आई एकदम खालीच बसली.”

रितिका स्वयंपाकघरात होती. तिनं ओट्याला टेकून मोबाइल पुढं केला. “ही पहा एकदाणी. शेवटच्या रात्रीचा फोटो. साडेआठला केक कापला तेव्हाचा.”

फोटोत प्रेमिलाताईंच्या गळ्यात सोन्याच्या टपोऱ्या मण्यांची एकदाणी होती. असे मणी हल्ली सोनार घडवत नाहीत.

“तुमच्याकडं यायची होती ना ती?”

“नऊ वर्षं ऐकून राहिली आहे. सासूकडून सुनेकडं, तीन पिढ्यांची रीत. लग्नात भर मांडवात म्हणाल्या, ही रितिकाची.” तिनं गॅस बारीक केला. “पण आमचं नशीब! बर्फीचा तुकडासुद्धा आम्हाला नाही.”

“कसली बर्फी?”

“संत्रा बर्फी. त्या पंपावर आम्ही घामानं निथळून राहिलो होतो, आणि आईंनी आपल्या हातातल्या पिशवीतून डबा काढून लेकीच्या हातात ठेवला. वर म्हणाल्या, जपून ने. दुर्गेश का कोण, त्यालाही एक तुकडा विचारला नाही.”

जिन्याच्या वळणावर गणपतराव कुजबुजले, “ताई, हीच. नऊ वर्षांचा राग आहे. सासूच्या केबिनमध्ये शिरायला सुनेला काय अवघड?”

“आपण अजून सासूला भेटलो नाही. परत फिरा.”

प्रेमिलाताई आपल्या खोलीत पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. शांत, गोऱ्यापान, पण नजर सारखी खिडकीकडं.

“त्या रात्री काय केलंत, ते मला सांगाल?”

“केक कापून केबिनमध्ये आले. एकदाणी काढली. लाल डबीत ठेवली. डबी सुटकेसमध्ये, साड्यांच्या खाली. कुलूप लावलं, किल्ली कमरेला. सुटकेस पलंगाखाली सारली आणि झोपले.”

“केबिनमध्ये सोबत कोण होतं?”

“अश्लेषा. दुसरं कोण?”

“विसरत तर नाही ना तुम्ही? डबी पिशवीत ठेवली असेल.”

“अहो, आयुष्यभर मी पेटी उशाशी घेऊन प्रवास केलाय. दागिना पेटीतच जातो.” मग त्या अगदी हळू म्हणाल्या, “त्या पोराचं नाव मी घेतलं नाही हो. सौरवनं घेतलं.”

“तुम्ही थांबवलंही नाही.”

प्रेमिलाताईंनी पुन्हा खिडकीकडं तोंड फिरवलं.

संध्याकाळी ऑफिसातून उत्तराताईंनी बंगळूरला फोन लावला. स्पीकर चालू होता, गणपतराव वही उघडून बसले होते.

“अश्लेषाताई, चोरीबद्दल विचारायचं होतं.”

“मला काही माहीत नाही. मी आधीच उतरले होते. आईचा फोन आला होता, हरवली म्हणाली.”

“बरोबर आहे. एक विचारू? संत्रा बर्फी टिकते का हो तिकडं? माझ्या भाचीला पाठवायची आहे.”

“कोणती बर्फी?”

“आईंनी पंपावर दिली ती.”



“हां, ती. हो, छान होती. संपलीसुद्धा.”

फोन ठेवल्यावर गणपतराव म्हणाले, “संपली म्हणते. मग भाचीला पाठवायला हरकत नाही.”

“गणपतराव,” उत्तराताई म्हणाल्या, “मला भाची नाही.”

रविवारी दुपारी खापेकरांच्या बैठकीत सगळे जमले. सौरवच्या हातात सोमवारच्या विमानाचं तिकीट होतं. उत्तराताईंनी तुळसाबाईला सोबत आणलं आणि सोफ्यावर बसवलं.

“ही कोण?” सौरवनं विचारलं.

“ज्याला तुम्ही उद्या चोर लिहून देणार आहात, त्याची आई. तिच्यासमोरच बोलू.”

प्रेमिलाताई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. रितिकानं त्यांना खुर्ची दिली.

“सौरव, जहाजावरच्या शेवटच्या रात्री तुम्हाला पायजमा का मिळाला नाही?”

“तो बॅगेत गेला होता. आणि बॅग...” तो थांबला.

“बोला. बॅग कुठं होती?”

“सहालाच घेऊन गेले होते. दारातून. आईचीही मीच बाहेर ठेवली होती.”

“सहाला. आणि रितिकाताईंच्या फोटोत साडेआठ वाजता एकदाणी आईंच्या गळ्यात आहे.” उत्तराताईंचा आवाज चढला नाही. “पुढं ती सुटकेस कोणी कोणी हाताळली? जहाजावरच्या लोकांनी, अंकितनं, हमालानं, तुम्ही. आईंनी ती पुन्हा उघडली ती थेट या घरात. मग साडेआठनंतर एकदाणी तिच्यात गेली कशी?”

रितिकानं तोंडावर हात धरला.

“ती कधी सुटकेसमध्ये नव्हतीच. म्हणून दुर्गेशनं डिकी उघडली काय आणि गुजराती आजोबांनी उघडली काय, तिथं चोरण्यासारखं काहीच नव्हतं.”

“पण केबिनमधून कोणी तरी...” गणपतरावांना राहवेना.

“तसं असतं तर आई म्हणाल्या असत्या, केबिनमधून गेली. त्यांनी मला सुटकेस पलंगाखाली सारल्याचं सांगितलं, जी सुटकेस तेव्हा केबिनमध्ये नव्हतीच. ज्याचं खरोखर चोरीला जातं, त्याला वस्तू शेवटची कुठं होती हे खोटं सांगायची गरज काय? त्यांनी उभा जन्म ट्रंक सोबत ठेवून आगगाडीचा प्रवास केला. खोटं रचताना तोच प्रवास डोळ्यांसमोर आला. जहाजाची रीत आठवलीच नाही.”

सौरव उठला. “म्हणजे आईनं स्वतःचीच...?”

“मायलेकी चार दिवस एका केबिनमध्ये होत्या. बर्फीच द्यायची होती तर तिथं देता आली नसती? पण आईला धीर होईना. शेवटी पंपावर सगळ्यांना उतरवलं, पुढच्या थांब्यावर लेक जाणार होती. तेव्हा डबा दिला. आणि परवा त्याच लेकीनं मला विचारलं, कोणती बर्फी? त्या डब्यात बर्फी नव्हतीच, एकदाणी होती.”

मग प्रेमिलाताई बोलू लागल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

“तिचा संसार मोडला. दोन खोल्यांत एकटी राहते. या घरातलं तिच्याजवळ काहीच नाही, एक वाटीसुद्धा नाही. आणि रितिकाला मी मांडवात शब्द दिलेला. मला वाटलं, हरवली म्हटलं की संपेल. चार दिवस हळहळतील, विसरतील.”

“आणि ड्रायव्हर?” रितिकानं विचारलं.

“सौरव फोनवर बोलायला लागला. मग मागं कशी फिरणार होते मी? रोज म्हणायचे, उद्या सांगेन.”

तुळसाबाई पहिल्यांदाच बोलली. “तुमची लेक तुमाले दिसली, बाई. माहा पोरगा नाही दिसला?”



सौरवनं हातातलं तिकीट टीपॉयवर ठेवलं. मग त्यानं शटल कंपनीला फोन लावला. चूक आमची होती, एवढंच तो तीन वेळा म्हणाला.

“लिहून द्या,” उत्तराताई म्हणाल्या. “बोललेलं उडून जातं. पास लिहिलेल्यावर मिळतो.”

अकराव्या दिवशी दुर्गेश पुन्हा गाडीवर आला. क्रूझच्या दिवसांत तो अजूनही बंदर ते विमानतळ फेऱ्या मारतो, आणि पावसाळ्यात जहाजं बंद झाली की बुटीबोरीच्या कारखान्याची कामगारांची बस चालवतो. अंकितनं पुढं स्वतःची सहल कंपनी काढली आणि लग्न झाल्यावर स्वतः सहलींसोबत जाणं सोडलं. गणपतराव अमरावतीला लेकीकडं गेले. उत्तराताईंनी दोन वर्षांनी जिन्यावरची पाटी उतरवली.

अश्लेषा त्याच आठवड्यात विमानानं आली आणि एकदाणी रितिकाच्या हातावर ठेवली. रितिकानं ती तिलाच परत दिली. “मागितली असती तर मीच दिली असती,” एवढं म्हणाली, पण सासूशी वर्षभर कामापुरतंच बोलली. सौरव आता ड्रायव्हरशी बोलताना ‘तुम्ही’ म्हणतो.

प्रेमिलाताई संक्रांतीनंतर एकट्याच रिक्षा करून कळमेश्वरला गेल्या. गुडघ्यांनी त्यांना दोन पायऱ्या चढू दिल्या नाहीत, तेव्हा तुळसाबाईनं अंगणात खुर्ची आणून ठेवली, पाणी दिलं, चहा ठेवला. प्रेमिलाताईंनी हात जोडले. किती तरी वेळ काहीबाही बोलल्या, रडल्या, शेवटी म्हणाल्या, “माफ केलं म्हणा हो एकदा.”

तुळसाबाईनं कप त्यांच्याकडं सरकवला.

“चहा घ्या, बाई,” ती म्हणाली. “थंडा होऊन राहिला.”