एकोणीस दिवसांच्या उपमुख्यमंत्र्याचं पान

शपथवहीतलं सातवं पान नाहीसं झाल्याचं कळलं, तेव्हा सकाळचे साडेअकरा झाले होते.

विधिमंडळ ग्रंथालयाचा ग्रंथपाल धापा टाकत तळघरातल्या बांधणीच्या खोलीत आला. गेली तीस वर्षं तिथे जुनी पुस्तकं शिवणाऱ्या बाईंना सगळे खळकाकू म्हणत. त्यांच्या बोटांना कायम खळीचा वास यायचा.

"काकू, आहात तशा वर चला."

"कुणी काय फाडलं?"

"फाडलं की कापलं, तेच तुम्ही सांगा. पोलिसांना बोलवायच्या आधी मला ते कळायला हवं."

दुर्मीळ कागदपत्रांच्या खोलीत तिघं बसली होती. दारात रखवालदार उभा होता.

काळा चष्मा लावलेले प्राध्यापक मधल्या टेबलाशी होते. राज्याच्या उपमुख्यमंत्रिपदाचा इतिहास म्हटलं की त्यांचंच नाव निघे. कायद्यात कुठेही न लिहिलेलं हे पद कुणाला खूश करायला दिलं, कुणाचे पंख कापायला दिलं, हे सगळं त्यांच्या जाडजूड ग्रंथात होतं. दहा दिवसांपूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं.

शेजारी त्यांची धाकटी बहीण. सगळं ग्रंथालय तिला ताई आणि त्यांना दादा म्हणे. शाळेतली नोकरी सांभाळून तिने भावाची सगळी पुस्तकं टाइप केली होती, सूची बनवल्या होत्या. आज तिचे डोळे रडून लाल झाले होते.

खिडकीजवळ बाईसाहेब. त्यांचे वडील राज्याचे पहिले उपमुख्यमंत्री. निदान गेल्या आठवड्यापर्यंत तरी होते.

"मी सांगते काय झालं ते," ताई म्हणाली. "सातव्या पानावर एका शिक्षणमंत्र्यांची शपथ होती. उपमुख्यमंत्री म्हणून. बाईसाहेबांच्या वडिलांच्या चार वर्षं आधीची! एकोणीस दिवसांत मंत्रिमंडळ पडलं आणि लोक त्यांना विसरले. मला ते गेल्या सोमवारी सापडलं. आमच्या नव्या ग्रंथासाठी फोटोची परवानगी आज मिळाली. कागदावर शिक्का घ्यायला दहा मिनिटं खाली गेले, आले तर पान नाही."

"पान होतंच कशावरून?" बाईसाहेब फणकारल्या. "माझ्या बाबांच्या नावापुढचं 'पहिले' पुसायला निघालात. पुरावा मागितला की म्हणे हरवला!"

"आईची शपथ घेऊन सांगते—"

"ताई, शपथा नकोत," खळकाकू म्हणाल्या. "वही द्या इकडे."

त्यांनी वही उजेडात धरली. मग दहावं पान दोन बोटांत धरून हलकेच हलवलं. ते सैल होतं.

"सोळा पानांचा जुडगा आहे. मोठा कागद मधोमध दुमडला, की एका बाजूला सातवं पान येतं, दुसऱ्या बाजूला दहावं. जोडीतलं एक गेलं म्हणून दुसरं डुगडुगतंय. जुनी जखम असती तर इथे धूळ बसली असती. ताई खरं बोलतायत. पान आज सकाळपर्यंत होतं."

ताईने तोंडाला पदर लावला.

काकूंनी शिवणीच्या खाचेवरून करंगळी फिरवली. कड पात्याने कापल्यासारखी धारदार नव्हती, कापसासारखी पिंजलेली होती. आणि गार लागत होती.

"खोलीत पाणी कुणी आणलं?"

"पाण्याला परवानगीच नाही," ग्रंथपाल म्हणाला. "पिशव्या, पेनं, बाटल्या सगळं बाहेर. दादांच्या डोळ्यांचं औषध तेवढं आत सोडलं."

"बाहेर कोण गेलं?"

"फक्त ताई. जाताना आमच्या महिला रखवालदाराने तपासलं. नंतर तिघांनाही तपासलं, काही नाही. टेबलं, खण, गालिचा, सगळं पालथं घातलं."

"म्हणजे पान अजून या खोलीत आहे."

काकू बाईसाहेबांसमोर बसल्या.

"ताई खाली गेल्या तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"जुनी वर्तमानपत्रं बघत होते. बाबांचे फोटो."

"वहीजवळ गेलात?"

"जाणार होते." त्यांचा आवाज खाली आला. "खोटं कशाला बोलू? जीव जळत होता माझा. पण प्राध्यापक वहीजवळच बसले होते. मी पाठ फिरवून बसले."

"मागे काही आवाज?"

"खुर्ची सरकली. ते उठून थोडे फिरले असतील."

काकू प्राध्यापकांकडे वळल्या.

"दादा, तुम्ही उठलात?"

"पाय आखडले होते. भिंत धरून चार पावलं टाकली. मला दिसतंय कुठे? सगळं धुकं."

"तेवढ्यात कुणी वहीला हात लावला?"

"लावलाही असेल. मी कोणाचं नाव घेणार नाही." त्यांनी समोरच्या भिंतीकडे मान वळवली. "बारा वाजून पाच मिनिटं झाली. किती वेळ बसवणार आहात?"

"नवीन ग्रंथाचं काम दोघांनी मिळून केलं?"

"शोध आमचा दोघांचा आहे," प्राध्यापक म्हणाले.

ताई चाचरली. "ग्रंथ छापणाऱ्या समितीने पहिलं प्रकरण माझ्या नावावर घेतलंय. मी नको म्हटलं होतं, दादा."

"मी काही बोललो का?"

"चार वाजता छापखान्यात जायचंय ते. पान नसेल तर प्रकरण गाळणार." ताईने घड्याळ पाहिलं आणि सवयीने उठली. "तुझ्या थेंबांची वेळ झाली. मान वर कर."

तिने बाटली दाबली. पुन्हा दाबली. काहीच आलं नाही.

"अगं बाई! संपली? सकाळीच तर नवी फोडली."

खळकाकू उठल्या. त्या भिंतीलगतच्या कपाटांवरून नजर फिरवत निघाल्या. राज्याच्या इतिहासाच्या फळीवर पुस्तकांच्या माथ्यावर बोटभर धूळ होती. एक सोडून. त्या एका जाड पुस्तकाचं प्लास्टिकचं आवरण पिवळं पडलं होतं.

त्या परत येऊन बसल्या.

"पान कापलेलं नाही. दोरा ओला करून खाचेत ठेवायचा, वही मिटायची, पाच मिनिटं थांबायचं. कागद भिजून पिठासारखा होतो. मग हलकेच ओढलं की सुटतो. ना पातं लागतं, ना आवाज होतो. दोरा इथल्या कुठल्याही गठ्ठ्याला मिळेल. पाणी मात्र एकाच माणसापाशी होतं."

प्राध्यापक हसले. "आंधळ्या माणसावर आळ घेताय?"

"समोरच्या घड्याळाचा मिनिटकाटा वाचणारा आंधळा मी पहिल्यांदाच पाहिला, दादा. सकाळी फोडलेली बाटली डोळ्यांत रिकामी होत नाही. आणि ही युक्ती जुन्या कागदांत आयुष्य घालवलेल्या माणसालाच ठाऊक असते."

"मग पान कुठे आहे? दाखवा!"

काकूंनी फळीवरचं ते जाड पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. ते प्राध्यापकांचंच होतं. काकूंनी मागचा, पुस्तक घरी नेल्याच्या तारखांचा कागद उघडला. शेवटचा शिक्का अकरा वर्षांपूर्वीचा होता.

"अकरा वर्षांत हे कुणी घरी नेलेलं नाही. ही गोष्ट ग्रंथपालांनाही ठाऊक नसेल. ज्याने लिहिलं, तोच दर खेपेला येऊन शिक्के बघतो. म्हणून त्याला याहून सुरक्षित जागा सुचली नाही."

त्यांनी आवरण सोडवलं. पुठ्ठा आणि प्लास्टिक यांच्यामध्ये चौपदरी घडी होती. सातवं पान. एका मंत्र्याची मोठी, वळणदार सही.

"जाळून टाकता आलं असतं," ग्रंथपाल पुटपुटला.

"ते यांच्या हातून झालं नसतं," काकू म्हणाल्या. "ताईंनी शोधलं नसतं, तर यांनीच ते पान डोक्यावर घेऊन मिरवलं असतं."

प्राध्यापकांनी चष्मा काढला. डोळे लाल, पण चांगले उघडे होते.

"चाळीस वर्षं मी या पदाच्या इतिहासावर काम केलं," ते म्हणाले. "दोन नंबरच्या माणसांची भांडणं, कुरबुरी, रुसवे, सगळं. सातवं पान माझ्या हाताखालून तीनदा गेलं असेल. मी ओळच वाचली नाही. आणि ही, माझी टायपिस्ट! समितीचा माणूस फोन करतो आणि म्हणतो, ताईंना द्या. माझ्या घरात, माझ्या फोनवर!"

"दादा, लोकांनी मला चोर म्हटलं असतं," ताई म्हणाली. "तू ऐकत बसला होतास."

"दोन दिवसांत पान सापडलं असतं. मीच शोधलं असतं."

"हो. तूच."

बाईसाहेब उठल्या, टेबलाशी आल्या आणि पानावरची सही पाहिली. "बाबांनी यांचं नाव कधी काढलं नाही," त्या म्हणाल्या, आणि ताईच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवून निघून गेल्या.

ग्रंथपालाने घसा साफ केला. "ताई, तक्रार नोंदवावीच लागेल. सरकारी दस्तऐवज आहे. पण तुम्ही सही केली नाहीत, तर मी करतो. घरातली गोष्ट आहे."

"फॉर्म द्या."

तिने सगळं सावकाश, सुवाच्य अक्षरात भरलं. तारीख, वेळ, दस्तऐवजाचा क्रमांक. मग 'संशयिताशी नातं' या रकान्यापाशी ती थांबली. प्राध्यापक तिच्याकडे बघत होते. आता त्यांना सगळं स्पष्ट दिसत होतं.

'सख्खा भाऊ', तिने लिहिलं. खाली पूर्ण नावाने सही केली, पानाचा फोटो काढून घेतला आणि छापखान्याची वेळ गाठायला निघाली.