बर्फ फुटला तो शनिवार

जिन्यात धडक बसली आणि सोल्वेगची सगळी कॉफी त्याच्या कोटावर सांडली. "चला, थंडीत काहीतरी गरम मिळालं," तो म्हणाला आणि हसला... त्या हसण्यानं ती पार कामातून गेली.

तो एमेट. डुलुथच्या सरोवर संशोधन केंद्रात पाण्याखाली माइक सोडून गोठलेल्या सरोवराचे आवाज टिपायचा. हिवाळाभर तो वाट पाहायचा ती बर्फ फुटण्याची. वर्षातून एकदाच येणारा आवाज! सोल्वेग तिथले सर्व्हर सांभाळायची. मग काय, रोज काही ना काही बिघडल्याचं निमित्त काढून तो तळघरात यायचा, आणि न बिघडलेलं दुरुस्त करायला तिला अर्धा तास लागायचा.

एका शुक्रवारी त्यानं भीत भीत विचारलं, "पाच वाजता... फिश फ्राय खायला येशील?"

विचार करून सांगते म्हणाली खरी, पण विचार कसला? अडचण एकच होती. सर्व्हरचं कर्नल, म्हणजे सगळी यंत्रणा ज्यावर चालते तो गाभा, बदलायचं राहिलं होतं. शुक्रवारी कर्नलला हात लावू नये, असं ती स्वतःच सगळ्यांना बजावत असे. तरी बसली. डिस्कवर जागा पुरेना, म्हणून जुनं कर्नल पुसून टाकलं... परतीची वाटच मोडली. सर्व्हर सुरू झाला, ती उठली. नीट तपासायचं राहिलं, लिपस्टिक लावायची मात्र राहिली नाही.

शनिवारी बर्फ फुटला.

सोमवारी सकाळी एमेट धावतच आला आणि त्यानं हेडफोन तिच्याच कानाला लावले. सगळ्यात आधी तिनं ऐकावं, अशी त्याची इच्छा होती. ऐकू आली ती नुसती शांतता. तिच्या क्षणात लक्षात आलं – माइक चालवणारा जुना प्रोग्रॅम नव्या कर्नलशी जुळलाच नव्हता. शुक्रवारपासून काहीच टिपलं गेलं नव्हतं.

"केबल तुटली असेल," ती बोलून गेली.

त्यानं लगेच विश्वास ठेवला, हेच वाईट झालं. खिडकीतून तिला दिसलं, तो धक्क्यावर रबरी पोशाख चढवत होता. पाण्यात अजून बर्फाचे तुकडे तरंगत होते. ती कोट न घालताच धावली.

"उतरू नकोस. केबल धड आहे. मी कर्नल बदललं... न तपासता. आणि तुझ्याशी खोटं बोलले." मान वर करायची तिची हिंमत होईना.

"शुक्रवारी? तू?"

"पाच वाजायला आले होते."

तो रागावला होता, आणि ते योग्यच होतं. मग त्यानं नोंदवही पुढे केली. तिनं लिहिलं: नोंद नाही. चूक सोल्वेगची.

त्यानं पेन घेतलं आणि खाली लिहिलं: एमेटबरोबर जेवायला जायची घाई होती.

"हे लिहू नकोस ना," ती कशीबशी म्हणाली.

"का? खोटं आहे?"

"नाही..." ती म्हणाली, आणि खोटं बोलताना वाटली त्याहून कितीतरी जास्त लाज तिला हे खरं बोलताना वाटली.