स्पर्लिंगच्या भट्टीतलं रिकामं ताट

नाताळच्या दिवशी पाव भाजायला बंदी होती, पण भट्टी पेटवायला नव्हती. बर्मंडसीच्या टेंटर गल्लीत एकाही घरी बदक मावेल एवढी चूल नव्हती. म्हणून वर्षातून एकदाच परवडणारं मांस लोक पत्र्याच्या ताटात घालून, वर फडकं टाकून जेथ्रो स्पर्लिंगच्या बेकरीत आणून द्यायचे. दोन पेन्स द्यायचे, बिल्ला घ्यायचा, चर्चला जायचं, आणि एकच्या ठोक्याला भाजलेलं ताट घेऊन वाफ निघतेय तोवर घर गाठायचं.

स्पर्लिंग चोर होता. लोक चर्चमध्ये गुडघे टेकून बसले की हा भट्टीचं दार उघडायचा, ताटाताटातली चरबी पळीने आपल्या बरणीत काढायचा, आणि बदक उलटं करून पाठीखालचं मांस हलक्या हाताने कापून घ्यायचा. सगळ्या गल्लीला हे ठाऊक होतं. पण दुसरी भट्टी पार पुलापलीकडे. तिथून घरी येईतो जेवण थंडगार. गरिबाला राग गिळायला एवढं अंतर पुरतं.

आणि ह्या भट्टीवाल्याची बायको थंडीने मेली होती. हसू नका. मागच्या जानेवारीत, अंगणापलीकडच्या खोलीत. शेजारची डॉर्कस टॅरंट बादली घेऊन आली होती. "निखारे द्या हो थोडे, केझियाचे पाय बर्फ झालेत." तेव्हा स्पर्लिंग म्हणाला होता, "निखारे लोहार विकत नेतो."

त्या नाताळला सकाळपासून धुकं होतं, आणि धुक्यात चामड्याच्या कारखान्यांचा आंबूस वास. लोक रांगेत पाय आपटत उभे होते.

"काय रे स्पर्लिंग," चामडं कमावणारा नॅट बिडल ओरडला, "गेल्या साली माझं बदक भट्टीतून लंगडं होऊन आलं! यंदा दोन्ही तंगड्या बघून ठेवल्यात हां."

"आचेवर मांस आटतं, बिडल."

"आटतं ना. तुझ्या पोटात!"

रांग हसली. स्पर्लिंगने बिल्ला फेकला.

डॉर्कस टॅरंटच्या ताटात मेंढीची मान होती आणि भोवती बटाटे. उन्हाळ्यात तिचा नवरा कातड्याच्या हौदात पडून गेला होता. "एवढंच आहे, मिस्टर स्पर्लिंग," ती म्हणाली. "पोरं कालपासून हातपाय धुऊन बसलीत. नीट भाजा हो."

सगळ्यात शेवटी एक बाई आली. शाल कपाळावरून खाली ओढलेली, बोटं निळी पडलेली. तिने खिडकीतून ताट आत सरकवलं. ते रिकामं होतं.

"ह्यात भाजू काय? हवा?"

"आत ठेवा," ती म्हणाली. "भरेल."

वेडी दिसते, स्पर्लिंगला वाटलं. पण फळीवर दोन पेन्स होते. ते त्याने उचलले आणि ताट लांब दांड्याच्या फावड्याने पार आत, मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं. नाणी खिशात टाकली तर मांडीला गारठा लागला.

चर्चची घंटा झाली. गल्ली ओस पडली. अकराच्या सुमाराला त्याने दार उघडलं. बदकं छान बदामी झाली होती. त्याने बरणी भरली, मांस कापलं, मनात गुणगुणत दार लावलं.

साडेबाराला परत उघडलं, तर आतून गार वारा आला.

बदकं कच्ची होती. नुसती कच्ची नव्हे, पांढरीफटक, सकाळी आली होती तशी. बटाट्यांवर दंव होतं. बाजूच्या चुलीत कोळसा लालभडक पेटलेला. त्याने वर आणखी दोन फावडी ओतली. जाळ घोंघावला. भट्टीतल्या विटेला त्याने हात लावला आणि झटकन काढला. गारठ्याने बोटं चिकटत होती.

लवकरच अख्खी गल्ली दारात येणार. बिडलसारख्या माणसांना पोटावरचा पाय सहन होणार नाही. आज ती ह्याच भट्टीत त्याला घालतील. त्याला घाम फुटला, आणि तोही गार.

निदान कापलेलं तरी परत ठेवावं म्हणून त्याने मांसाचा तुकडा फावड्यावर घेतला. तुकडा घसरला आणि पार मागे, त्या रिकाम्या ताटात पडला.

चर्र झालं.

बिडलचं बदक त्याच्या डोळ्यांदेखत लाल होत गेलं. कातडी तडतडली. रिकाम्या ताटात मात्र काही नव्हतं.

स्पर्लिंगने आणखी एक तुकडा टाकला. आणखी एक ताट भाजलं गेलं. मग तो थांबला नाही. कापलेलं सगळं टाकलं. बरणी उपडी केली. स्वतःसाठी आणलेली डुकराची अख्खी तंगडी लोटली. ताट भरत नव्हतं, पण बाकीची एकेक करून शिजत होती. सबंध भट्टीला नाताळचा वास सुटला.

एकच ताट उरलं. मेंढीची मान, बटाटे, दंव.

ह्या ताटातलं त्याने काहीच चोरलं नव्हतं. चोरण्यासारखं होतंच काय? मग परत काय द्यायचं? बाहेर पावलं वाजू लागली. "उघड रे!" बिडलचा आवाज.

त्याने त्या बाईची खिशातली नाणी आत फेकली. काही झालं नाही.

तेव्हा त्याला डॉर्कसची ती रिकामी बादली आठवली.

"केझिया," तो भट्टीच्या तोंडाशी म्हणाला. कित्येक महिन्यांत त्याने हे नाव घेतलं नव्हतं. "माझ्याकडे आता हाताची ऊब तेवढी आहे."

त्याने बाही मागे सारली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला.

पलीकडून कुणीतरी तो धरला.

बोटं बारीक होती. ओलसर. त्याच्या ओळखीची.

त्याने हात मागे घेतला नाही.

डॉर्कसचे बटाटे तडकले.

लोकांनी बेकरीचं दार ढकललं तेव्हा स्पर्लिंग भट्टीला टेकून उभा होता, हात अजून आतच. "आपापली ताटं घ्या," तो म्हणाला. "फावडं तिथे आहे. पैसेही फळीवरून परत घ्या." बिडलने बदक उलटं करून पाहिलं, ते अख्खं होतं, आणि त्याने टोपी काढली.

"मिस्टर स्पर्लिंग," डॉर्कस म्हणाली, "एकटे काय बसताय? आमच्याकडे या जेवायला."

"तुम्ही व्हा पुढे," तो हसला. त्याला हसताना तिने पहिल्यांदाच पाहिलं. "पोरांना गरम गरम वाढा."

तो आला नाही. उजेड होता तोवरच ती त्याच्यासाठी वाढलेली बशी घेऊन निघाली. बेकरीत चूल कधीच विझली होती. स्पर्लिंग तसाच बसलेला, हात खांद्यापर्यंत आत, ओठ निळे.

"अहो, काढा तो हात!"

"सोडत नाहीये," तो हळूच म्हणाला. "असू दे. तेवढा कोळसा घालता का थोडा? सगळा घाला. तिला अजून थंडी वाजतेय."

डॉर्कसने चूल भरली, पेटवली. तिने बशी त्याच्या पुढ्यात, भट्टीच्या तोंडाशी ठेवली.

"मला नको," स्पर्लिंग म्हणाला. "जरा आत सरकवा. तिचा हात पोचत नाही."

तिने बशी वीतभर आत ढकलली आणि हात मागे घेतला.

बशी विटांवर खरखरत पुढे सरकली. मग आणखी आत.