कुंडीतला वड

वटपौर्णिमेचं सामान आणायला सुप्रभा आगाशे स्लाऊला निघाली, तेव्हा ऊन छान पडलं होतं आणि तिच्या मनात आंब्यांपलीकडे काही नव्हतं. घराजवळ मेडनहेडला सगळं मिळतं, पण सुताची गुंडी मिळत नाही. आणि स्लाऊला गेलं की सुचेताकडे चहा प्यावाच लागतो, नाहीतर ती वर्षभर बोलून दाखवते.

सुचेता ही तिची इथली सगळ्यात जुनी मैत्रीण. दोघींची वटपौर्णिमा दरवर्षी एकाच पद्धतीनं व्हायची. वडाचं चित्र पाटावर टेकवायचं, त्याला सूत गुंडाळायचं, आंबा ठेवायचा आणि कामाला लागायचं. परदेशात देवही चालवून घेतात, असं दोघींचं मत होतं. पण त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सहा साली, सुचेताच्या डोक्यात वेगळंच आलं.

"अगं, तुझ्या घरात जिवंत वड आहे," ती म्हणाली, "आणि तू कागदाला काय फेरे मारतेस? सिलीच आहेस."

वड होता खरा. डॉक्टर शशी आगाशे, सुप्रभाचे यजमान, पुण्याहून इथे आले तेव्हा हॉस्पिटलच्या पन्हाळीत उगवलेलं वडाचं रोपटं त्यांनी ओल्या रुमालात गुंडाळून बॅगेतून आणलं होतं. कस्टमवाल्यांना त्यांनी काय सांगितलं ते देव जाणे. तेव्हापासून तो वड कुंडीतच होता. मुळं छाटायची, फांद्यांना तांब्याची तार गुंडाळून हव्या तशा वळवायच्या, असं करत करत वीतभर उंचीचा म्हातारा वृक्ष तयार झाला होता. त्याला दोऱ्याएवढ्या पारंब्याही फुटल्या होत्या. डॉक्टर हाडांचे सर्जन. आयुष्यभर लोकांची वाकडी हाडं सरळ केली आणि निवृत्त होऊन सरळ झाडं वाकडी करायला बसले, असं सुप्रभा पाहुण्यांना हसत सांगायची.

निवृत्तीनंतर त्यांनी मागच्या अंगणात बोन्सायसाठी अस्सल जपानी घरच बांधायला काढलं. कौन्सिलच्या परवानगीत एक वर्ष गेलं आणि शेजाऱ्यांची समजूत काढण्यात दुसरं. तरुणपणी जपानमध्ये सुतारकाम शिकलेला कॉलिन नावाचा माणूस त्यांनी शोधून काढला. एक खिळा न मारता त्यानं घर उभं केलं. कागदाची सरकती दारं, गवताच्या चटया, भोवती लाकडी ओटी, आणि तिच्या पायाशी शेवाळ, वाळू, दगड अशी बाग. बाकीची झाडं बाहेर ओटीवर असायची. वडाला थंडी सोसत नाही, म्हणून त्याच्यासाठी आत काचेचा उबदार कोनाडा केला. त्या घरात शिरलं की ओल्या मातीचा आणि गवताचा वास यायचा.

दार मात्र ठेंगणं. डॉक्टर सहा फुटांच्याही वर. कॉलिननं दोनदा बजावलं, दार उंच करू या. पण डॉक्टर ऐकतात कुठले? माणसानं वाकूनच आत यावं असा तिथला रिवाज आहे म्हणे. मग रोज सकाळी डॉक्टर वाकायला विसरायचे आणि चौकटीवर कपाळ आपटायचं. ठक्. स्वयंपाकघरात उभ्या सुप्रभाला तो आवाज ऐकू यायचा आणि ती चहा ठेवायची.

असा सगळा सुखाचा संसार. पण मागच्या हिवाळ्यात डॉक्टरांना हार्ट अटॅक येऊन गेला होता. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसून सुप्रभानं जी रात्र काढली, ती तिच्या मनातून जात नव्हती. म्हणून सुचेताचं बोलणं तिला पटलं. त्या वर्षी तिनं कागद काढलाच नाही. नेसून-सवरून ती जपानी घरात गेली आणि कुंडी कोनाड्याबाहेर चटईवर ठेवून तिच्याभोवती सूत घेऊन सात वेळा फिरली. हातातल्या लग्नातल्या पाटल्यांना सूत अडकत होतं. मनगट भरल्यापासून त्या पाटल्या साबण लावूनही निघत नसत, हीथ्रो विमानतळावर दर वेळी त्यांच्यापायी तिला बाजूला उभं करत. सुताचे वेढे बोटाएवढ्या खोडावर बसले, तारेच्या वेढ्यांच्या मधोमध. तिनं हात जोडले आणि अगदी मनापासून म्हणाली, "माझ्या माणसाला या झाडाएवढं आयुष्य दे."

ऑगस्टमध्ये एका सकाळी ठक् झालं नाही.

आली बाई अक्कल, असं म्हणून सुप्रभानं चहा उशिरा ठेवला. दुसऱ्या दिवशीही आवाज नाही. तिसऱ्या दिवशी ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. डॉक्टर हातात पाण्याची झारी घेऊन निघाले, ताठ मानेनं चालत गेले आणि तसेच, न वाकता, त्या दारातून आत शिरले.

तिनं स्वतःलाच समजावलं, लाकूडच हललं असेल, इथल्या हवेत लाकडाचा काय भरवसा. तिनं कॉलिनला बोलावून घेतलं. त्यानं टेप लावून चौकट मापली, पुन्हा मापली. बांधली तेव्हा होती तेवढीच होती. तेवढ्यात डॉक्टर आतून बाहेर आले आणि कॉलिनशी हात मिळवायला पुढे झाले. कॉलिन त्यांच्याकडे बघत राहिला. पूर्वी तो त्यांच्याशी मान वर करून बोलायचा. त्यानं टेप खिशात टाकली, चहा नको म्हणाला आणि गेला. पुढे फोन केला तरी तो कधी आला नाही.

मग तिला एकेक दिसायला लागलं. पँटचे पाय टाचेखाली यायला लागले. तिनं ते आत मुडपून शिवले, थोड्या दिवसांनी परत मुडपले. डॉक्टरांच्या दंडांवर फिकट वळ उमटले होते, खांद्यापासून कोपरापर्यंत गोल गोल फिरत गेलेले. विचारलं तर म्हणाले, झोपताना बाहीचा वळ पडला असेल. त्यांना काही दुखत नव्हतं. उलट ते पूर्वीपेक्षा शांत झाले होते, तासन् तास चटईवर मांडी घालून बसायचे.

जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नेलं. ब्लड प्रेशर उत्तम, हृदय उत्तम, या वयाला असे रिपोर्ट बघायला मिळत नाहीत म्हणे. नर्सनं उंची घेतली, कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि आधीची नोंद चुकली असणार असं गोड हसून सांगितलं. एडिंबराला असलेल्या मुलाला, मिहीरला, तिनं फोन केला.

"आई, बाबा छोटा नाही झाला," तो म्हणाला. "ओल्ड एज आहे, सगळे थोडे श्रिंक होते. तू रेस्ट घे ना."

मिहीरची माया खोटी नव्हती. पण त्या दिवशी फोन ठेवल्यावर सुप्रभाला कळलं की हे सांगायला जगात आपल्याला कुणी नाही. इतकं एकटं तिला हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्येही वाटलं नव्हतं.

आपण मागितलं काय आणि मिळालं काय, हे तिच्या ध्यानात आलं होतं. वडाला बांधलेलं सूत सोडायचं नसतं, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. तरी नोव्हेंबरात एका दुपारी, डॉक्टर बैठकीच्या खोलीत झोपलेले बघून, ती भरतकामाची कात्री घेऊन वडापाशी गेली. सूत दिसेना. खोडाची साल सुतावर चढली होती. वेढ्यांच्या जागी नुसते वळ राहिले होते. एका ठिकाणी पांढरा तंतू डोकावत होता. तिनं तिथे कात्रीचं टोक हळूच घातलं. सालीतून थेंबभर पांढरा चीक आला.

मागे चाहूल लागली. डॉक्टर हिरवळीवरून येत होते, बरगडीवर हात दाबून.

"सुप्रभा... इथे काहीतरी टोचलं बघ."

त्यांनी हात काढला. शर्टावर ओला डाग होता. तो लाल नव्हता.

तिच्या हातातून कात्री गळून पडली. ती पुन्हा उचलायची तिची हिंमत झाली नाही. झाड कुंडीतून काढून मोकळ्या जमिनीत लावावं, मनसोक्त वाढू द्यावं, हाही विचार तिच्या डोक्यात येऊन गेला. पण बाहेर दवबिंदू गोठत होते. या देशातल्या मातीत वड एक रात्र काढणार नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं. ठेवावं तरी पंचाईत, सोडावं तरी पंचाईत. मग तिनं एवढंच केलं, रोज पाणी घालायला लागली. एक दिवस चुकला तर... या भीतीनं ती लंडनलासुद्धा जाईना.

वसंतात वडाची पानं पिवळी पडली. मुळांनी कुंडी भरलीय, छाटायला हवीत, डॉक्टर म्हणाले. ती त्यांना नका करू म्हणाली, हातापाया पडली. त्यांनी तिला समजावलं, पेशंटच्या नातेवाइकांना समजवायचे तसं, अगदी हळू आवाजात. मुळं छाटली नाहीत तर झाड गुदमरून मरतं. ती ओटीवर कानांवर हात ठेवून बसली. तरीही कात्रीचा करकर आवाज येत राहिला. त्यानंतर आठवडाभर डॉक्टरांना पाय टेकवत नव्हते. मग वडाला नवी पानं फुटली, नखाएवढी, तुकतुकीत. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरही तकाकी आली. ते आता तिच्या खांद्याला लागत होते.

ज्येष्ठ पौर्णिमा परत आली. आदल्या दिवशी सुचेताचा फोन आला, यंदा मीही तुझ्याच वडाला येते म्हणून. सुप्रभानं सांगितलं की वडाला कीड लागलीय. सुताची गुंडी तिनं आधीच कपाटात मागे सारली होती. यंदा पूजा नाही, मागणं नाही, काही नाही.

सकाळी चहाला बोलवायला ती जपानी घराशी गेली. दार उघडं होतं. ओल्या मातीच्या वासात हळदीचा वास मिसळला होता. डॉक्टर वडासमोर चटईवर बसले होते आणि खोडावर कोरं पांढरं सूत होतं, ओळीनं सात वेढे.

"हे कुणी केलं?" तिनं विचारलं.

"मी."

"अहो, तुम्ही... हे बायकांचं व्रत."

"बायकांनीच का मागायचं?" डॉक्टरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत इतकी माया होती की तिला रडूच आलं. "मागच्या वर्षी तू माझ्यासाठी मागितलंस, मला माहीत आहे. हे झाड नीट सांभाळलं तर दोनशे वर्षं जाईल, सुप्रभा. इतकी वर्षं मी एकटा काय करू?"

तिला ओरडायचं होतं, त्यांना गदागदा हलवायचं होतं. पण माणूस प्रेमानं काही देतो तेव्हा त्याच्यावर ओरडणार तरी कसं? सुतावर अजून साल चढलेली नव्हती, आत्ता ओढलं तर निघालं असतं. तिनं हात पुढे केला. आणि तिला तो थेंबभर चीक आठवला, शर्टावरचा डाग आठवला. हात तिथेच थांबला.

हात थांबला, पण पाटल्या थांबल्या नाहीत. मनगटावरून सुटल्या, पंजावरून सरकल्या आणि एकीमागून एक चटईवर पडल्या. गवतावर त्यांचा आवाजही झाला नाही.

तिनं त्या उचलल्या आणि परत हातात चढवल्या. हात खाली केला, तशा त्या पुन्हा पडल्या.