गुरुवारची दोषयादी

मार्चातल्या एका ओल्या सकाळी, साडेसहाच्या सुमारास, स्वेन्या क्रिंग्सची गाडी एका बेडकानं अडवली.

म्हणजे तसं पाहिलं तर बेडूक बादलीत होते, बादली एका माणसाच्या हातात होती आणि माणूस रस्त्याच्या मधोमध उभा होता. अंगात चकाकत्या पट्ट्यांचं पिवळं जाकीट, डोक्यावर निथळती टोपी. जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगरात थंडी ओसरली की बेडूक जंगलातून तळ्याकडे लग्नाला निघतात. रस्ता ओलांडण्याचं वळण त्यांना नाही, म्हणून गावोगावची शहाणीसुरती माणसं पहाटे उठून त्यांना बादलीतून पलीकडे पोचवतात. स्वेन्यानं करकचून ब्रेक दाबला. ब्रेक नवे होते, तिनंच बसवलेले. गाडी बादलीपासून हातभर अंतरावर थांबली. तिला ब्रेकांचा अभिमान वाटला. त्या माणसाला वाटला नसावा.

तो खिडकीशी आला. खिडकी त्याच्या मांडीपर्यंतच येत होती, त्यामुळे त्याला जवळजवळ कुर्निसात करावा लागला.

"अठ्ठ्याण्णव," तो म्हणाला.

"बेडूक?"

"डेसिबल. बेडूक त्रेचाळीस झाले."

"कानानं मोजता?"

"एखादा इकडे-तिकडे." टोपीतलं पाणी त्याच्या नाकावरून ठिबकलं. "हा सायलेन्सर गाडीच्या कागदांवर नाही."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"कागदावर असता तर माझ्याशी बोलताना तुम्हाला ओरडावं लागलं नसतं."

स्वेन्यानं इंजिन बंद केलं. एकदम पाऊस ऐकू यायला लागला... आणि तिला दिसलं, तिच्या डाव्या चाकापुढे एक गलेलठ्ठ बेडूक बसला होता, सरकारी कचेरीत बसावं तसा. ती उतरली, उघड्या हातानं त्याला उचललं आणि बादलीत सोडलं.

"चव्वेचाळीस," तो म्हणाला. जरा थांबून, तिच्या चिखलानं भरलेल्या तळव्याकडे बघत म्हणाला, "लोक सहसा... हातमोजे घालतात."

"लोक सहसा रस्त्याच्या मधोमध उभे राहत नाहीत."

"नंबरप्लेटवर लाल आकडे आहेत, म्हणजे गाडी चाचणीपुरती बाहेर काढलीय. म्हणजे वर्कशॉप तुमचं. म्हणजे—" त्यानं टोपी नीट केली. "म्हणजे येत्या गुरुवारी भेटूच. मी नवा तपासनीस. ओनो हार्म्स."

जर्मनीत गाडीला नुसती रुंद चाकं बसवली तरी तपासनिसाची सही लागते. सही असेल तर सुधारणा, नसेल तर गुन्हा. गावच्या वर्कशॉपमध्ये तपासनीस आठवड्यातून एकदा येतो. क्रिंग्सांकडे तो गुरुवारी येई, आणि त्या दिवशी तिथली माणसं परीक्षेला बसल्यासारखी वागत.

वर्कशॉपच्या दारावर पाटी होती: 'क्रिंग्स आणि पुत्र'. क्रिंग्स म्हणजे स्वेन्याचे आजोबा, ते कधीच गेले. पुत्र म्हणजे तिचे वडील हेरिबेर्ट, वय सहासष्ट, गुडघे गेलेले. स्वेन्या एकोणतीस वर्षांची होती, कारागिरीची सगळ्यात वरची परीक्षा पास झाली होती, चार वर्षं वर्कशॉप तीच चालवत होती, आणि तरी दर आठवड्याला कुणीतरी गिऱ्हाईक तिला विचारी, "पुत्र आहेत का आत?"

पाटी बदलायला हेरिबेर्टची ना नव्हती. फक्त अट होती. "स्वतः बांधलेली गाडी, सगळ्या कागदांनिशी, सप्टेंबरात डोंगरावर चढवून दाखव. दुसऱ्या दिवशी पेंटर बोलावतो."

डोंगर म्हणजे गावामागचा घाट. वर्षातून एका रविवारी तो बंद करून गाड्या एकेक करून पळवतात. कागद चोख नसलेल्या गाडीला तिथे ढकलूनही चढू देत नाहीत.

स्वेन्याची गाडी दोनच माणसांची, पंचवीस वर्षांची, इंग्लंडात जन्मलेली. तिचं इंजिन पुढेही नाही आणि अगदी मागेही नाही. सीटांच्या पाठीशी, मधोमध. त्यामुळे ती आपल्या कमरेभोवती वळते, भोवऱ्यासारखी. आणि घाबरट ड्रायव्हरनं वळणात मध्येच अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, तर भोवऱ्यासारखीच फिरतेही. 'वळणात शिरलीस की पाय मागे घ्यायचा नाही,' हे हेरिबेर्टनं लेकीला ती दहा वर्षांची असतानाच शिकवलं होतं. भंगारातून आणलेल्या त्या गाडीला स्वेन्यानं इंजिनात जादा हवा कोंबणारा सुपरचार्जर लावला होता, कडक स्प्रिंगा, मोठे ब्रेक, बगलेत हवा ओढणाऱ्या नाकपुड्या. इंजिनाची ताकद एकशे वीस घोड्यांवरून दोनशे दहा घोड्यांवर गेली होती. कागदांच्या मते मात्र अजून एकशे वीसच.

पहिल्या गुरुवारी ओनो हार्म्स आला तो स्वतःचा थर्मास घेऊन.

"कॉफी?" हेरिबेर्टनं विचारलं.

"ड्यूटीवर काही घेत नाही. पाणीसुद्धा नाही."

"पाण्यानं काय होतंय?"

"आज पाणी, उद्या केक," ओनो गंभीरपणे म्हणाला.

तो उत्तरेचा, समुद्राकाठच्या सपाट मुलखातला. तिथे सगळ्यात उंच वस्तू म्हणजे बांध, आणि त्याच्यावरची मेंढी. तिथली माणसं कॉफीला विचारत नाहीत. चहा पितात, कपात खडीसाखरेचा खडा टाकून, आणि तीन कपांच्या आत पाहुण्याला उठू देत नाहीत. हे सगळं स्वेन्याला हळूहळू कळलं. पहिल्या दिवशी तिला एवढंच कळलं की गाडी फार खाली बसली नाही ना, हे हा माणूस तिच्याखाली आठ सेंटीमीटरचा लाकडी ठोकळा सरकवून बघतो, आणि ठोकळा अडला की त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसतं.

यादीत अकरा दोष होते.

"अकरा!" ती म्हणाली. "गाडी आवडली नाही म्हणा की सरळ."

"आवडण्याचा रकाना नाही," ओनो म्हणाला. दारापर्यंत गेला, परत फिरला. "वेल्डिंग... वेल्डिंग मात्र सुंदर आहे. त्याचाही रकाना नाही."

त्या दिवशी स्वेन्यानं एकच बोल्ट तीनदा आवळला.

एप्रिलात दोष आठ झाले. मेमध्ये पाच. सायलेन्सर बदलला, आवाज नव्वदीच्या आत आला. "आता तुमच्याशी कुजबुजूनही बोलता येतं," ती म्हणाली, आणि ओनोनं मोजणीचं यंत्र उलटं धरलं. जूनमध्ये स्प्रिंगांचा प्रश्न मिटला, ठोकळा गाडीखालून अलगद गेला. ओनो उगाचच तो चारदा आतबाहेर करत राहिला.

"ठोकळ्याला आवडलंय वाटतं तिथे," स्वेन्या म्हणाली.

"खात्री करून घेतलेली बरी."

"हार्म्ससाहेब, तुमच्या घरी कुणी आहे का हो... खात्री करून घ्यायला?"

"एक मांजर आहे," तो म्हणाला. कान लाल झाले होते. "तिचे कागद चोख आहेत."

जुलैत एकच दोष उरला. तोही गेला असता, तर ओनोला त्या गाडीकडे पाहायचं कारण उरलं नसतं. आणि इथे स्वेन्यानं असा एक गुन्हा केला, जो तिच्या धंद्यातल्या माणसानं करू नये. गुरुवारी सकाळी, ओनो यायच्या दहा मिनिटं आधी, ती नंबरप्लेटवरचा दिवा सैल करायला लागली.

ओनोनं यादीत लिहिलं: 'नंबरप्लेटचा दिवा लागत नाही.' पुढच्या गुरुवारी: 'पुन्हा.' त्यापुढच्या: 'बल्ब नवा. तरीही.' एकदा तर त्यानं तो बल्ब बोटांत धरून उजेडाकडे नेला, बराच वेळ पाहिला आणि परत तसाच सैल बसवला. हेरिबेर्ट कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत होता. वर्तमानपत्र उलटं होतं.

"स्वेन्या," तो संध्याकाळी म्हणाला, "दोनशे दहा घोडे बांधलेस, आणि एक दिवा जमेना?"

"वायरिंग जुनंय, पप्पा."

"हो. माझ्याही वेळी जुनंच होतं. तुझी आई दर आठवड्याला सायकल पंक्चर करून आणायची."

सप्टेंबर उजाडला. रविवारी डोंगर. त्याच्या आधीचा शेवटचा गुरुवार. स्वेन्यानं दिवा घट्ट बसवला. बसवताना तिला वाटलं, आपण काहीतरी बंद करतोय... पण पाटी तर बदलायची होती.

ओनो दोन तास गाडीखाली होता. बाहेर झिमझिम पाऊस, आत नुसता टॉर्चचा उजेड इकडून तिकडे. शेवटी तो मागे गेला. दिवा लागला. तो त्याच्याकडे पाहत राहिला, जुना मित्र गाव सोडून निघालेला दिसावा तसा.

"दोष नाही," तो म्हणाला. "एकही नाही."

हेरिबेर्टनं आलुबुखाराचा केक कापला. स्वेन्या आतून किटली घेऊन आली. उत्तरेकडचा कडक चहा, खडीसाखर, वरून साय. हे सगळं तिनं मेमध्येच आणून ठेवलं होतं, आणि दर गुरुवारी कपाटात परत ठेवलं होतं.

"घेणार नाही, माहितीय," ती म्हणाली. "विचारायची आपली पद्धत."

ओनोनं कपाकडे पाहिलं. मग टोपी काढली, बाकावर बसला आणि कप घेतला. खडीसाखर तडकल्याचा बारीक आवाज आला. दुसरा कप घेतला. तिसरा घेतला. केकचा तुकडाही खाल्ला. मग कपात चमचा उभा ठेवला, तिकडे 'बस झालं' सांगायची तीच रीत. उभा राहिला.

"मला सही करता येणार नाही," तो म्हणाला.

स्वेन्यानं किटली खाली ठेवली.

"दोष नाही म्हणालात!"

"गाडीत नाही."

"मग? चहा प्यायलात म्हणून? अहो, तीन कप चहासाठी माझे सहा महिने—"

"चहा नंतरचा. आधी ठरवलं, मग प्यायलो." तो टोपी फिरवत राहिला. "उद्या आठ वाजता माझ्या जागी दुसऱ्या तपासनीस, फ्राऊ पेश, येतील. मी त्यांना... सकाळीच फोन केलाय. माझी फाइल त्यांच्याकडे जाईल. फ्राऊ क्रिंग्स, मी—" वाक्य वळणात शिरलं आणि त्यानं पाय काढला. "शुभेच्छा."

तो गेला. थर्मास विसरून.

"गेला तर जाऊ दे!" स्वेन्यानं पाना बाकावर आपटला. "रविवार तीन दिवसांवर, आणि हा पळतो! फ्राऊ पेश! त्या बाईनं स्वतःच्या भावाची गाडी नापास केली होती ना?"

"भावाच्या लग्नाच्या दिवशी," हेरिबेर्ट म्हणाला. "तो चर्चला ट्रॅक्टरवरून गेला."

शुक्रवारी आठला दोन मिनिटं कमी असताना फ्राऊ पेश हजर झाल्या. साठीच्या, ठेंगण्या, गळ्यात चष्मा. ठोकळा स्वतःचा आणला होता, पितळी पट्टी मारलेला. अडीच तास गाडी तपासली. शेवटी गाडीच्या मागे उभ्या राहून म्हणाल्या, "दिवा चालतोय."

"हो," स्वेन्या म्हणाली.

"हार्म्सच्या यादीत पाच वेळा आलाय. बत्तीस वर्षांच्या नोकरीत एवढा नाठाळ दिवा मी पाहिला नाही." त्यांनी चष्मा खाली केला. "सही करते. गाडी चांगली बांधलीय, मुली."

सही झाली, शिक्का बसला. दोनशे दहा घोडे एका क्षणात सरकारमान्य झाले.

"आणखी एक कागद आहे. तपासनीस बदलला की त्याचं कारण मालकाला दाखवून सही घ्यावी लागते. दुसऱ्याची पत्रं मी वाचत नाही. पण हा फॉर्म आहे, आणि फॉर्म वाचणं माझं काम आहे." त्यांनी कागद पुढे केला आणि छताकडे पाहू लागल्या.

छापील मजकूर होता: 'बदलाचं कारण: तपासनिसाच्या निःपक्षपातीपणाविषयी शंका.' त्यातला 'शंका' हा शब्द पट्टी लावून सरळ खोडला होता, आणि वर ओनोच्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: 'खात्री.'

पुढचा रकाना: 'कोणाच्या बाजूनं?' — 'मालकिणीच्या.'

त्यापुढचा: 'केव्हापासून?' — 'मार्च. बेडूक क्रमांक चव्वेचाळीस.'

स्वेन्यानं ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं जराशी हलायला लागली. तळाशी एक रिकामी चौकट होती, 'वाहनमालकाचं म्हणणं'. तिनं पेन घेतलं. टोक कागदावर टेकलं... आणि थांबलं. पप्पा बघत होते, फ्राऊ पेश छताकडे बघण्याचं सोंग करत होत्या, आणि हा कागद पुढे कचेरीत दहा वर्षं जपून ठेवणार होते.

"वळणात आहेस," हेरिबेर्ट हळूच म्हणाला.

तिनं लिहिलं.

रविवारी ऊन पडलं. घाटात माणसं, सॉसेजचा धूर, कुत्री, पोरं. स्वेन्या सुटली तेव्हा इंजिन तिच्या पाठीशी गात होतं, नव्वदीच्या आत. एकाही वळणात तिनं पाय काढला नाही. तिचा नंबर चौथा आला. हेरिबेर्टनं नंबर विचारलाच नाही, तो पेंटरला फोन लावत होता.

माथ्यावर गाड्या उतरणीसाठी रांगेत थांबल्या होत्या. तिनं काच खाली केली. कुणीतरी कुर्निसाताला वाकलं. जाकीट पिवळंच, टोपी आज कोरडी.

"थर्मास राहिला माझा," ओनो म्हणाला.

"एवढंच?"

त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. प्रत होती. खाली तिच्या घाईच्या अक्षरात दोन वाक्यं: 'दोष मान्य. दुरुस्ती नको.'

"काल रात्रभर वाचत होतो," तो म्हणाला. "नियमानं... म्हणणं छापील अक्षरात लिहायचं असतं."

"मग परत पाठवा."

"नाही." कागद परत घडी होऊन खिशात गेला, डाव्या बाजूच्या. "हा मी देणार नाही."

स्वेन्यानं हात लांबवून पलीकडचं दार उघडलं. ओनो आत बसला. म्हणजे आधी टोपी बसली, मग गुडघे, मग उरलेला ओनो. त्याचा खांदा तिच्या खांद्याला टेकला. त्या गाडीत दुसरा इलाजच नव्हता, आणि कुणी तो शोधतही नव्हतं.

"वजन किती?" तिनं विचारलं.

"ब्याऐंशी. टोपीसकट."

"गेले माझे सगळे घोडे वाया. एवढा मोठा बदल केलाय गाडीत..."

"हो," ओनो म्हणाला. त्याचा हात गिअरच्या दांड्यावर, तिच्या हातावर येऊन थांबला होता, अगदी हलका, ठोकळा सरकवावा तसा. "नोंद करावी लागेल."

"मग कर ना," ती म्हणाली, आणि क्लच सोडला.