कोरडी गाठ

औरंगपुऱ्यात मासेमारीच्या सामानाचं दुकान आहे, हे मला या श्रावणापर्यंत माहीतच नव्हतं. रिक्षातून उतरले, भिजलेली ओढणी झटकली आणि काउंटरवर दोन रिळं ठेवली, एक बारीक दोरीचं, एक जाड. म्हटलं, या दोन जोडायची गाठ शिकवा, विकत काही घ्यायचं नाय.

काउंटरमागचा आदिनाथ जरा गोंधळला. "ताई, कुणासाठी?"

अण्णांसाठी. माझ्या वडिलांचा उजवा हात अर्धांगवायूनं गेला, त्याला सात महिने झाले. जन्मभर त्यांचा रविवार फुलंब्रीकडच्या तलावावर गेला. मरळ माशाचे दात बारीक दोरी कापतात, म्हणून गळापाशी जाड दोरीचा तुकडा जोडावा लागतो, आणि ती गाठ एका हातानं होईना. तेव्हापासून गारखेड्याच्या घरात ते भिंतीकडं तोंड करून बसायचे. मला माझे अण्णा परत पाहिजे होते, बस्स.

आदिनाथनं दोन्ही दोऱ्या शेजारी धरल्या. एकीचा फास, त्यातून पाच वेढे, मग दुसरीचा तसाच. शेवटी पाठ फिरवून खाली वाकला, काहीतरी केलं आणि तयार गाठ माझ्या तळहातावर ठेवली. बोटं लई नीटस होती मेल्याची. खरं सांगते, गाठ मला पहिल्याच दिवशी आली. तरी मी तीन दिवस गेले.

"ताई… येतंय की तुम्हाला."

"नाय येत," मी म्हटलं आणि वेढे मुद्दाम चुकवले. त्यानंही पुन्हा दाखवले.

रविवारी तलावावर काठी मी धरली, रीळ अण्णांनी डाव्या हातानं फिरवलं. मासा लागला. अण्णांचे डोळे चमकले, आणि दोरी तुटली, नेमकी माझ्या गाठीत. अण्णांनी काठी खाली ठेवली. "आता पुन्हा नको," एवढंच म्हणाले. घरी येईपर्यंत त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

सोमवारी मी ते तुटकं टोक काउंटरवर आपटलं. आदिनाथनं उजेडात धरून पाहिलं. टोक जळक्या केसासारखं वळलं होतं.

"कोरडीच ओढली," तो हळूच म्हणाला. "ओढायच्या आधी ओली करावी लागते. नायतर घासून तापते, कमजोर होते."

"मग सांगितलं का नाही?"

त्याचे कान लाल झाले. "तोंडात धरून ओली करतात… तुमच्यादेखत तोंडात घालून तुमच्याच हातात कशी द्यायची? म्हणून पाठ फिरवत होतो."

असा संताप आला मला! तुमच्या लाजेपायी माझ्या बापानं काठी ठेवली, असं म्हणता म्हणता माझंच रडू फुटलं. त्यानं ते तुटकं टोक खिशात घातलं. मग म्हणाला, अण्णांना मी स्वतः सांगतो, चूक माझी आहे.

आणि खरंच आला. रविवारी सकाळी अण्णांपुढं मान खाली घालून बसला आणि पाठ फिरवल्याचंसुद्धा सगळं सांगितलं. अण्णा ऐकत राहिले. मग सात महिन्यांत पहिल्यांदा, तोंडाच्या अर्ध्या बाजूनं का होईना, हसले. टोपी मागितली.

तलावावर बारीक भुरभुर होती. मी वेढे घेतले, गाठ ओठांत धरली आणि सरळ आदिनाथकडं पाहिलं. तो पाण्याकडं बघू लागला. दुपारी मरळ लागली. काठी कमानीसारखी वाकली, पण गाठ टिकली. मासा काठावर आल्यावर अण्णांनी डावा अंगठा त्या गाठीवरून फिरवला. त्यांचे डोळे भरले होते.

"याला म्हणावं… पुढच्या रविवारी पण ये," ते जड जिभेनं मला म्हणाले आणि पाण्याकडं वळून बसले.

मी दुसरा गळ बांधायला घेतला. आदिनाथ शेजारी टेकला.

"रविवारचं ठीक आहे, तनुजा…" ताई म्हणायचं त्यानं सोडून दिलं होतं. "पण मला तुझ्याकडं रोज यायचं असलं तर… जन्मभर?"

गाठ माझ्या ओठांत होती, बोलता येईना. मी होकारार्थी मान हलवली, चांगली दोनदा हलवली, आणि मगच दोरी ओढली.